ऑगस्टमध्ये मसाई मारा: तारवटी नवरा, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि एकही स्वेटर नसलेलं घर. तयारी कशी करू?

मडकईची सून
नमस्कार मंडळी, खूप वर्षं नुसती वाचते इथे, लिहायची ही पहिलीच खेप, चुकलं तर सांभाळून घ्या. तर आमचे हे तारवटी, शिपवर असतात, साइन ऑफ जुलैअखेर आणि मग चवथ (गणेश चतुर्थी) करूनच परत जाणार. यंदा चवथ १४ सप्टेंबरला म्हणजे आख्खा ऑगस्ट मोकळा. ह्यांचं कधीपासूनचं चाललंय की केनियाला जायचं, मसाई मारा अभयारण्यात, ती लाखो जनावरं नदी ओलांडतात ते बघायचं. जाणार आम्ही दोघं, मुलगा (आठ वर्षं) आणि सासूबाई (६८). माझे प्रश्न: कपडे खाकीच लागतात का? दुर्बीण कुठली घ्यावी? बूट ट्रेकिंगचेच का? खायला काय न्यावं? एजंटने कोटेशन दिलंय पण त्यात नुसते फोटोच जास्त आहेत. आणि थंडी असते म्हणे, आमच्या घरात स्वेटर नावाची वस्तूच नाही, कोणाकडेच.

पेडण्याचा हत्ती
हत्ती बघायला केनिया कशाला गो, आमच्या पेडण्यात येऊन रहा, २०२५च्या सप्टेंबरात ओंकार हत्ती आलेला तेव्हा लोक शेताच्या बांधावर उभे राहून फुकट सफारी करत होते. एन्ट्री फी नाही, व्हिसा नाही, फक्त केळी आणि भात गेला आमचा.

नैरोबीचा नातू
हाहा. बरं मी सांगतो, माझे आजोबा नैरोबीत रेल्वेत कारकून होते, आमच्याकडे घरात अजून 'आफ्रिकेचा शिसवी हत्ती' शोकेसमध्ये आहे, मी स्वतः दोनदा जाऊन आलोय.

थंडीचं आधी. लोकांना आफ्रिका म्हटलं की वाटतं उकडतं. नैरोबी जवळजवळ १८०० मीटर उंचीवर आहे, मारा साधारण दीड हजार. सकाळी सहाला गाडीचं छप्पर वर करून निघता तेव्हा १२ डिग्रीच्या आसपास असतं आणि वर वारा. आपण वीस डिग्रीला शाल शोधणारी माणसं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक विंडचीटर नेलेला, पहिल्या तासात दात वाजायला लागले, शेवटी ड्रायव्हरने लाल मसाई चादर दिली ती गुंडाळून बसलो, सगळे फोटो त्या चादरीत. बेळगावात कोणी नातेवाईक असेल तर स्वेटर उसने मागून आणा, विकत घेऊन परत आल्यावर त्यांना बुरशीच येणार आहे. थरावर थर घाला, दहा वाजेपर्यंत सगळं काढावं लागतं.

रंगाचं म्हणाल तर खाकीच पाहिजे असं काही नाही, मातकट, हिरवट, करडा काहीही चालतो. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते (मारात कमी, टांझानियात जास्त). आणि मिलिटरीसारखे चट्ट्यापट्ट्याचे कपडे मुलाला घेऊ नका, आफ्रिकेतल्या काही देशांत ते सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे. पांढरे घातले तर संध्याकाळपर्यंत आपोआप खाकी होतात.

बूट साधे चालतील हो, गाडीतून उतरायचंच नसतं दिवसभर.

मडकईची सून
उतरायचंच नसतं?? मग सासूबाईंना बाथरूम?

नैरोबीचा नातू
ठरावीक ठिकाणी असतं. मधे लागलीच तर ड्रायव्हर मोकळी जागा बघून गाडीच्या मागे सोय करून देतो, 'टायर चेक करायचाय' म्हणायचं, तो समजतो. ६८ वर्षांच्या बाईला हे आधी सांगून ठेवा. अजून एक, लँड क्रूझरची पायरी उंच असते. गुडघे कसे आहेत त्यांचे? रस्त्याला धक्के खातात त्याला तिकडचे ड्रायव्हर 'आफ्रिकन मसाज' म्हणतात आणि दरवेळी स्वतःच हसतात. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास. छोट्या विमानाने तासाभरात, पण ते विल्सन एअरपोर्टवरून सुटतं आणि सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकवाली कडक सूटकेस घेत नाहीत, विमानाच्या पोटात ती दाबून बसवता येत नाही ना.

लेन्सवाला वास्को
दुर्बिणीचं मी सांगतो. ८x४२ घ्या आणि विषय संपवा. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार २०x नाहीतर ३०x गळ्यात मारायला बघेल, ऐकू नका, गाडी हलते तिथे जास्त पट म्हणजे जास्त थरथर. आणि घरात मिळून एक नेऊ नका, दोन न्या, नाहीतर चित्ता दिसला की नवरा देत नाही, अनुभव आहे (माझाच, मी दिली नव्हती).

कॅमेरा असेल तर १००-४०० सारखी लेन्स. पण आत्ताच कपाटातून काढून उजेडात धरून बघा. गोव्याच्या दमटपणात निम्म्या लोकांच्या लेन्समध्ये फंगस असतं आणि ते कळतं विमानतळावर. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर आत्ता साफ करून घ्या, ऑगस्टपर्यंत पाऊस लागला की अजून वाढेल. तोपर्यंत हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ जातं आत.

तांदळावरून आठवलं, गाडीच्या छपरावर लेन्स टेकवायला उशी लागते, रिकामी पिशवी शिवून न्या आणि तिकडे जाऊन तांदूळ नाहीतर बीन्स भरा. माझ्या मित्राने इथून उकडे तांदूळ भरून नेलेली, दीड किलो वजन फुकट, आणि शेवटच्या दिवशी कॅम्पच्या कुकला सांगून त्याचीच पेज करून प्यायला.

दिवचलचा दादू
😂😂 पेज करून प्यायला म्हणे

प्लग विसरू नका. केनियात तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. आपला गोल पिनांचा जात नाही. आणि प्लास्टिकच्या पिशव्या!! केनियात २०१७पासून बंदी आहे, दंड मोठा आहे. आपल्या बायका प्रत्येक चप्पल वेगळ्या पिशवीत घालतात, सगळ्या घरी काढून ठेवा, कापडी न्या. ड्रोन असेल तर तोही घरीच.

व्हिसा आता नाही तिकडे, २०२४पासून ईटीए (प्रवासाची परवानगी), ऑनलाइन भरायचा निघायच्या आधी. अजून एक, माराची फी जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर, बाकी सहा महिने १००. कोटेशनमध्ये ती धरलीय का ते विचार. आमच्या एजंटने 'पार्क फी एक्स्ट्रा' असं पाचव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं.

मडकईची सून
बाप रे. आत्ता बघितलं, आमच्यातही 'एक्सक्लुडिंग पार्क फीज' आहे. तीन दिवस × २०० × तीन मोठी माणसं म्हणजे १८०० डॉलर वरून!! आणि फोनवर मला म्हणाला सगळं धरून.

डॉक्टर मावशी
तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून आश्चर्य वाटतंय. पिवळ्या तापाची लस. घेतलीय का?

मडकईची सून
ह्यांचं कार्ड आहे, शिपसाठी घेतलेलं. आमचं नाही. एजंट म्हणाला केनियात मुंबईहून जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, परतल्यावर एअरपोर्टवर बघू.

डॉक्टर मावशी
हे 'बघू' म्हणजे काय ते सांगते. केनिया विचारेल न विचारेल, पण आपला देश विचारतो. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडीस डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच डेंग्यूवाला. म्हणून आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून (केनिया त्यात आहे) परतताना ज्याच्याकडे वैध कार्ड नाही त्याला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात, आणि तिथे रडून काही होत नाही. गोव्यात लस वास्कोला मुरगाव बंदराच्या पोर्ट हेल्थमध्ये मिळते. आधी फोन करून दिवस ठरवून जा. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती फोडली की सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे एकट्यादुकट्यासाठी फोडत नाहीत. पासपोर्ट न्या, कार्डावरचं नाव पासपोर्टसारखंच पाहिजे. टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही.

तुमच्या मिस्टरांचं कार्ड जुनं असेल, त्यावर दहा वर्षं लिहिलेलं असेल. काळजी करू नका, जुलै २०१६पासून ते आयुष्यभरासाठी धरतात, जुनी कार्डंसुद्धा.

आता खरा मुद्दा. ही जिवंत विषाणूची लस आहे, कमजोर केलेला असला तरी जिवंत. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्याला गंभीर त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून विचार करून देतात. अंड्याची मोठी ॲलर्जी असेल तर नाही. सासूबाई काय काय गोळ्या घेतात?

मडकईची सून
बीपीची, आणि संधिवाताची, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पिवळी छोटी, मेथो काहीतरी.

डॉक्टर मावशी
मेथोट्रेक्सेट. ती प्रतिकारशक्ती दाबते. अशा माणसाला जिवंत लस सहसा देत नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वास्कोला नेऊच नका, आणि गोळी आपल्या मनाने बंद करून तर अजिबातच नको, हो, तसं करणारे असतात म्हणून लिहितेय.

दिवचलचा दादू
मग डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही का चालणार, की हिला लस देता येत नाही म्हणून?

डॉक्टर मावशी
ते केनियाला दाखवायला चालेल. पण आपल्याकडे परतताना फक्त अगदी तान्ह्या बाळांना सूट, त्यामुळे चिठ्ठी असली तरी सहा दिवस ठेवून घेऊ शकतात. ६८ वर्षांच्या बाईला एकटीला. शिवाय लस नाही म्हणजे ताप यायचा धोका आहेच की, कागद डासाला दाखवता येत नाही.

सत्तरीकार
सगळं वाचून एक विचारू? आपल्या म्हादई अभयारण्यात २०२०च्या जानेवारीत वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली, तेव्हा किती जण बोलले इथले? आणि आता लाखो रुपये घालून परदेशातली जनावरं. आधी आपलं जंगल बघा, मग आफ्रिका.

लेन्सवाला वास्को
बघतो की, मोले आणि खोतीगाव दोन्हीकडे दर हिवाळ्यात असतो मी, धनेश, शेकरू, नशीब असेल तर गवे. पण म्हणून दुसरीकडे जाऊ नये असं कुठे आहे. धागा तिच्या सासूचा आहे, तो राहू दे.

नैरोबीचा नातू
सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. मी तर त्यांना सांगणार होतो की तिकडची भाषा अर्धी आपलीच आहे. सफारी म्हणजे आपला सफर, प्रवास. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', आणि चपाती तर चपातीच. आजोबा सांगायचे की नैरोबीत सुरुवातीला रिबेरो म्हणून आपले गोंयकार डॉक्टर होते, १९००च्या सुमारास गेलेले, ते पेशंट बघायला चक्क माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं आजोबा फेकतात, मग मोठेपणी फोटोच बघितला त्यांचा, हॅट घालून झेब्र्यावर.

एक खरं सांगू पण, क्रॉसिंगच्या नादाने जाताय तर. पहिल्या वेळी आम्ही नदीकाठी साडेतीन तास गाडी बंद करून बसलो, पलीकडे हजारो विल्डबीस्ट (तीच ती नदी ओलांडणारी जनावरं), पुढचा एक पाण्याला तोंड लावतो, मागे सरतो, परत येतो, आणि साडेतीन तासांनी कुठला तरी एक झेब्रा शिंकला की काय आणि सगळे उलटे फिरून निघून गेले. दुसऱ्या वेळी मिळालं, सात मिनिटं, आणि आजूबाजूला चाळीस गाड्या. कोणी गॅरंटी देत असेल तर तो खोटं बोलतोय.

मडकईची सून
अपडेट. संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, स्पष्ट नाही म्हणाले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या तुम्ही जा तिघं, मी घर बघते, तुळशीला पाणी कोण घालणार. ह्यांना फोनवर सांगितलं (सिंगापूरला आहेत सध्या), ते गप्पच झाले, मग म्हणाले आईला ठेवून जायचं तर मला नकोच. आता मला कळत नाहीये काय करू. डिपॉझिट अजून दिलेलं नाही हे एक बरं.

तारवटी साखळी
वैनी, मी पण शिपवालाच, आमचं जहाज डर्बनला लागायचं. तुम्ही केनिया सोडा, दक्षिण आफ्रिका बघा. तो देश पिवळ्या तापाच्या यादीत नाही, लस लागतच नाही. मी २०१९ला घरच्यांना घेऊन क्रूगरला (तिकडचं मोठं नॅशनल पार्क) गेलेलो, ऑगस्टमध्येच. तिकडे तेव्हा हिवाळा, कोरडा, झाडांची पानं गळलेली असतात आणि पाणी फक्त ठरावीक पाणवठ्यांवर उरतं, त्यामुळे जनावर लपत नाही, तुम्ही नुसते पाणवठ्यावर गाडी लावून बसा.

आणि गाडी स्वतः चालवायची! स्टीअरिंग उजवीकडे, रस्त्याची डावी बाजू, सगळं आपल्यासारखंच. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं ते चालतं. डांबरी रस्त्यावर ५०, कच्च्यावर ४०, त्याच्यावर गेला तर पकडतात. म्हणजे आईला पाहिजे तेव्हा कॅम्पात परत यायचं, दुपारी झोपायचं, कोणा ड्रायव्हरच्या टायमाला बांधलेले नाही. पार्काच्या कॅम्पांत स्वयंपाकघरवाल्या कॉटेज मिळतात, स्कुकुझा, लोअर साबी, सातारा. हो, सातारा नावाचा कॅम्प आहे 😄 माझी आई फलक बघून म्हणाली, इथे पण पोचले काय.

फक्त एक सांभाळा, तिकीट काढताना अदिस अबाबा नाहीतर नैरोबीला विमान बदलायचं असेल तर घेऊ नका, स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि पिवळ्या तापाचं झंझट परत मागे लागतं. गल्फवरून जा.

डॉक्टर मावशी
चांगली सूचना. मलेरियाचं जोडते. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, ऑगस्टमध्ये धोका कमी असतो पण शून्य नाही. डॉक्टरांशी बोला, गोळ्या दोन-तीन प्रकारच्या असतात, काही परतल्यावर आठवडाभर घ्यायच्या, काही चार आठवडे, सासूबाईंच्या बाकीच्या औषधांशी जमणारी बघावी लागेल. नकोच असेल तर पिलानेसबर्ग आहे, जोहान्सबर्गहून दोन-तीन तासांवर, तिथे मलेरिया नाही आणि सिंह, हत्ती, गेंडा सगळं आहे. आकाराने क्रूगरच्या मानाने अगदी लहान, पण ६८ वर्षांच्या पाठीला लहानच बरं.

दिवचलचा दादू
व्हिसा मात्र लागतो तिकडचा, त्याला वेळ धरा. आणि मुलाचा जन्मदाखला न्या, आई-बाप दोघांची नावं असलेला. नवरा शिपवरून थेट तिकडे येणार असेल आणि तू मुलाला घेऊन वेगळी जाणार असशील तर त्याचं संमतीपत्र पण. प्लग तिकडचा आपल्या एसी-गीझरच्या जाड गोल पिनांचा, तो आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

लेन्सवाला वास्को
क्रूगर १९२६चं, म्हणजे यंदा शंभर वर्षं, बुकिंग लवकर कर, कॉटेज भरतात. आणि स्वतः गाडी चालवणार म्हणजे छप्पर बंद, खिडकीतून फोटो, तांदळाची पिशवी खिडकीच्या कडेवर टाकायची, अजून सोपं.

पेडण्याचा हत्ती
एक विचारतो, हत्तीने वाट अडवली तर काय करायचं? आमच्याकडे तर लोक हॉर्न मारायचे.

तारवटी साखळी
हॉर्न नाही!! तिकडे हत्तीला रस्ता द्यायचा, लांबूनच थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि कान फडफडवत डोकं हलवायला लागला की गुपचूप रिव्हर्स. आम्ही एकदा अर्धा तास मागे मागे जात होतो. आई मागच्या सीटवर गणपती अथर्वशीर्ष म्हणत होती.

मडकईची सून
मंडळी, ठरलं. चार दिवस घरात चर्चासत्र चाललेलं. क्रूगर तीन रात्री, मग पिलानेसबर्ग दोन, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, परत येऊन माटोळीची (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) तयारी करायला तीन आठवडे. ह्यांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर थोडा उतरलेला होता, क्रॉसिंग राहिलं म्हणून, पण म्हणाले आपण दोघं जाऊ कधीतरी. 'कधीतरी' म्हणजे शिपवाल्यांच्या भाषेत काय ते मला माहीत आहे, असो. स्वेटर बेळगावच्या मावशीकडून पाच येतायत, एक तिच्या नवऱ्याचा आहे आणि त्याच्यावर रेनडिअर विणलेलं आहे, तो मुलाने आत्ताच घालून ठेवलाय, जानेवारीत, मडकईत.

सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणतायत मी पण लिहिते. देते त्यांच्याकडे फोन.

सगळ्यांना नमस्कार. डॉक्टर बाई, तुमचे उपकार. मला गाडीच्या मागे टायर चेक करायला काही वाटणार नाही, आम्ही लहानपणी शेतातच जायचो. मला सिंह नको, जिराफ पाणी कसा पितो ते बघायचं आहे, पाय फाकवून पितो असं नातू सांगतो. साखळीच्या मुला, त्या कॉटेजमध्ये स्वयंपाकघर आहे म्हणालास, तिथे नारळ किसायला आदोळी असते का? नसेल तर मी आमची घेऊन येते.

तारवटी साखळी
मावशी, आदोळी नाही. सुपरमार्केटात नारळाच्या दुधाचे डबे मिळतात, त्यात भागवा. आणायचीच असेल तर चेक-इन बॅगेत घाला, हँडबॅगेत नको, पातं बघून सिक्युरिटीवाले काढून घेतील. नारळ मात्र इथलाच इथे ठेवा, कस्टमवाले नेऊ देणार नाहीत.

मडकईची सून
डब्याचं ऐकून तोंड वाकडं केलंय. आदोळी येतेय.